बत्तीस-चौसष्टच्या जावा

थांबा, बाकी सगळं बाजूला ठेवा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. कारण मी न्हाई सांगितलं तर मामी सांगंल, अन् मामीच्या सांगण्यात मी लय वाईट दिसते.

मामीचं घर पिंगळीला, स्टेशनच्या जवळ. पुढच्या खोलीत तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान. गेल्या वर्षी तिनं भरतकामाची एक मशीन घेतली, वापरलेली, पण कॉम्प्युटरवर चालणारी. लॅपटॉपवर डिझाईन उघडायचं, केबल लावायची, कापड रिंगमध्ये ताणून बसवायचं अन् बटण दाबायचं. मग मशीन आपली आपण राघू, कुयरी, जे सांगंल ते भरत बसते. मी परभणीत कॉम्प्युटरचं शिकते, म्हणून या कारभारात जे काही वायरच्या टोकाला असतं ते माझ्याकडं. लॅपटॉपही माझाच जुना. तो आधी इतका हळू चालायचा की मामी त्याला चालू करून गवारीच्या शेंगा मोडून यायची. मी त्यावर लिनक्स टाकलं, म्हणजे लॅपटॉप चालवणारी हलकी सिस्टीम, तेव्हापासून शेंगा तशाच राहतात.

आता दोन मिनिटं सहन करा, कारण पुढचं सगळं यावर हाय. मशीनला डिझाईन पाठवणारा जो प्रोग्राम हाय, तो जुन्या काळचा, बत्तीस बिटचा. लॅपटॉप चौसष्ट बिटचा. दोघं एका घरात नांदू शकतात, भांडण न्हाई. फक्त बत्तीसवाल्याला त्याच्या बत्तीसवाल्याच मदतनीस फायली लागतात. या फायलींचे गठ्ठे असतात, त्याला पॅकेज म्हणतात, अन् पॅकेज कधीच एकटं येत न्हाई. एकाला बोलावलं की ते म्हणतं, मला अमकं पाहिजे. अमकं म्हणतं, मला तमकं पाहिजे. आपल्याकडं चूलबंद आवतन असतं ना, त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच न्हाई, अख्ख्या घरानं जेवायला यायचं? तसं. एकाला पत्रिका दिली की सतरा जण पंगतीला.

तर झालं काय. मी सुट्टीत मामीकडं होते. रविवारी मामी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेली. घरात मी, लॅपटॉप अन् एक डबा भरून शेंगदाण्याचे लाडू. मी गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ उतरवला. खेळ अडखळायला लागला, गाडी उड्या मारत पळायची, बेडकासारखी. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं, की स्क्रीनचे नवे ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन चालवणारी पॅकेजं, पाहिजेत, नेहमीच्या जागी भेटत न्हाईत, या बाहेरच्या जागेवरून घ्या. मी ती बाहेरची जागा लॅपटॉपच्या यादीत घातली अन् म्हणलं, आण. लॅपटॉपनं विचारलं, की पुढची पॅकेजं काढून टाकावी लागतील, चालंल का? अन् खाली ही एवढी यादी दाखवली.

मी यादी वाचली न्हाई. खरं सांगा, कोण वाचतं? मी लय फास्ट टाईप करते, आमच्या वर्गात माझ्याइतकं फास्ट कुणी न्हाई, अन् फास्ट माणसाला याद्या वाचायची फुरसत नसते. होसाठी वाय दाबलं, एंटर दाबलं. गाडी काय पळाली म्हणता! तीन लाडू संपेपर्यंत मी पहिल्या नंबरात.

सोमवारी सकाळी मी दात घासायलेय अन् मामीनं आतून हाक मारली, की राघू उघडंना.

राघूचं सांगते. पेडगावची एक नवरी होती, तिच्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्यांवर एक-एक राघू पाहिजे होता, समोरासमोर तोंड केलेले. शनिवारी मामीनं डाव्या बाहीचा राघू भरून ठेवलेला, हिरवा चुटूक, लाल चोच. उजवी बाही कोरी. लग्न मंगळवारी. नवरीची आई सोमवारी चार वाजता ब्लाऊज घेऊन जाणार होती, पण तिला दम निघाला न्हाई, ती दहालाच येऊन दारातल्या खुर्चीत बसली.

अन् मामीनं नवरीचा ब्लाऊज पहिल्यांदाच घेतला होता. आतापर्यंत सगळं किरकोळ काम. नवरीच्या आईला तिच्या घरचे म्हणायलेत, परभणीच्या मोठ्या दुकानात टाका, पिंगळीत काय होणार हाय. तिनं कुणाचं ऐकलं न्हाई, मामीकडं टाकला. आता एका बाहीवर राघू अन् दुसरी बाही मोकळी असा ब्लाऊज मांडवात गेला असता, तर मामीकडं परत एकही नवरी आली नसती. हातानं दुसरा राघू भरायचा म्हणलं तर दिवसभर लागला असता अन् तरी तो पहिल्याचा भाऊ दिसला नसता, लांबचा पाहुणा दिसला असता.

मी प्रोग्रामवर क्लिक केलं. काहीच न्हाई. परत केलं. काहीच न्हाई. मग मी काळी खिडकी उघडली, जिच्यात हुकूम टाईप करायचे असतात, अन् काल काय काय निघून गेलं ते बघितलं. बत्तीसवाली सगळी पॅकेजं गेलेली. सगळी. घरातलं एक माणूस ठेवलं न्हाई. शर्यतीत पहिला नंबर आणायला मी मामीचा राघू घरातून हाकलून दिला होता.

मामीनं विचारलं काय झालं. मी म्हणलं, अपडेट आलं असंल. हे वाक्य लय कामाचं हाय. अपडेट कुणाचंच नसतं, त्यामुळं कुणालाच राग येत न्हाई. मामीनं माझ्याकडं एकदा बघितलं अन् सुईत दोरा घालत बसली.

मी म्हणलं सोपं हाय, गेलं ते परत आणू. हुकूम दिला. लॅपटॉपनं तोंडावर मारलं, की तुमी मोडकी पॅकेजं धरून बसलात. खाली लांबलचक रडगाणं, अमक्याला तमकं पाहिजे, पण तमकं बसवलं जाणार न्हाई. मी ते पुटपुटत वाचत होते. नवरीची आई इतका वेळ लग्नाचीच गाऱ्हाणी सांगत होती, की आचारी काय म्हणला, मांडववाला काय म्हणला. ती मधेच थांबली अन् मला म्हणाली, "कोण रुसलंय गं?"

मी म्हणलं, कुणी न्हाई मावशी, कॉम्प्युटरचं हाय. अन् इंटरनेटवर बत्तीसवाल्या पॅकेजची नवी आवृत्ती शोधायला लागले. मोबाईल खिडकीच्या गजाला बांधला होता, कारण पिंगळीत आमच्या बाजूला रेंज खिडकीतच येते. साडेअकरा झाले. भेटली न्हाई. मग मला राग आला, अन् राग आला की मी आणखी फास्ट टाईप करते. म्हणलं जबरदस्ती करू. असा हुकूम दिला, की वाटंत जे येईल ते काढ पण हे बसव.

आता लॅपटॉपनं काय करावं? त्यानं साधं हो-न्हाई विचारलं न्हाई. तो म्हणला, लय महत्त्वाची पॅकेजं निघून जातील, तुमाला खरंच हे पाहिजे असंल तर एक अख्खं वाक्य टाईप करा. इंग्रजीत. येस, डू ॲज आय से. होय, मी सांगते तसं कर. शेवटी उद्गारचिन्ह.

अहो, हे तर मामीचंच वाक्य. लहानपणापासून ऐकायलेय. मी सांगते तसं कर. मला वाटलं, चला, घरचंच हाय. टाईप केलं, एंटर मारलं, एका सेकंदात. अन् लॅपटॉप म्हणला, रद्द.

उद्गारचिन्ह राहिलं होतं. घाईत शिफ्टचं बटण दाबलंच न्हाई.

परत टाईप करायला हात उचलला, पण एकदा तोंडावर पडल्यामुळं म्हणा, मी पहिल्यांदाच यादी वाचली. पहिल्या ओळीपासून. त्या यादीत लॅपटॉपचा सगळा चेहरामोहरा होता. खिडक्या, चित्रं, माऊसचा बाण, सगळं. ते उद्गारचिन्ह पडलं असतं तर आमच्याकडं दुपारच्या बाराला एक काळी पाटी राहिली असती अन् एका राघूचा ब्लाऊज. मी कीबोर्डवरून दोन्ही हात काढले अन् मांडीखाली दाबून बसले.

नवरीच्या आईनं ते बघितलं. ती खुर्ची ओढून माझ्याजवळ आली अन् म्हणली, नीट सांग, मला समजंल असं सांग. मामीही उठून मागं येऊन उभी राहिली. मग मला सांगावंच लागलं. की मावशी, काही पॅकेजं जोडीनं असतात. एक चौसष्टची, एक बत्तीसची, नाव दोघींचं एकच. अन् घराचा नियम असा, की दोघींची आवृत्ती तंतोतंत सारखी पाहिजे. एका आकड्याचाही फरक चालत न्हाई. आता चौसष्टवालीला बाहेरून एकदम नवी कोरी भेटलीय. बत्तीसवालीला तसली भेटंना. म्हणून ती घरात यायला तयार न्हाई. मी सकाळपासून तिच्यासाठी नवीच शोधायलेय.

नवरीची आई हसायलाच लागली.

"हे तर जावांचं हाय की. माझ्या दोन जावा. मोठीला भारी लुगडं घेतलं अन् धाकटीला तसलं भेटलं न्हाई, तर धाकटी मांडवात पाय ठेवती का?"

मामीनं विचारलं, मग तुमी काय केलं.

"काय करती? मोठीचं दुकानात परत दिलं. दोघींला साधंच घेतलं, एका रंगाचं. गप बसल्या दोघी."

खरं सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. आमाला नवं म्हणजे चांगलं एवढंच माहीत. जुन्याकडं परत जायचं म्हणजे हरल्यासारखं वाटतं. अन् ही बाई पेडगावहून येते, आयुष्यात कीबोर्डला हात लावला न्हाई, अन् मला सांगते, मोठीचं काढून घे.

मग मी तेच केलं. आधी ती बाहेरची जागा यादीतून काढली. मग चौसष्टवाल्या ज्या-ज्या पॅकेजनं नवं घातलं होतं, त्या एकेकीचं नाव घेऊन तिला नेहमीच्या जागेवरची जुनी आवृत्ती दिली, अन् त्याच हुकमात तिच्या बत्तीसवाल्या जोडीदारणीलाही तीच. दोघींला एका रंगाचं. लॅपटॉपनं परत यादी दाखवली. मी वाचली. मोठ्यानं वाचली, बोट ठेवून, अन् नवरीची आई प्रत्येक नावाला हं, हं करायली, आहेराची यादी तपासल्यासारखी. निघून जाणार कुणीच नव्हतं. सगळे येणारे. मी वाय दाबलं.

गजाला बांधलेल्या मोबाईलवरून सगळं उतरायला पाऊण तास लागला. त्यात एकदा मोबाईल फिरून भिंतीकडं तोंड करून बसला, तर नवरीची आई उठून त्याला हातानं धरून उभी राहिली. मी क्लिक केलं अन् प्रोग्राम उघडला. राघू आला. मामीनं मला बाजूला सारलं, राघूचं तोंड उलट्या बाजूला फिरवलं, कापड रिंगमध्ये ताणलं अन् बटण दाबलं. मशीन टकटक करायला लागली.

पावणेचारला मामीनं शेवटचा हूक लावून ब्लाऊज पसरून दाखवला. दोन राघू, समोरासमोर, जुळे भाऊ. नवरीच्या आईनं दोन्ही बाह्यांवरून हात फिरवला, उलटून मागचे टाके बघितले, अन् मामीला म्हणली की धाकट्या लेकीच्या टायमाला पण तुझ्याचकडं येणार हाय. मग माझ्या पाठीवर थाप मारली. पोरगी लय हुशार हाय म्हणली. मी मान खाली घालून हसले, जशा हुशार पोरी हसतात. मामीनं चहा केला, मला पहिला कप दिला. मी तो पण घेतला. बिस्कीट पण घेतलं.

ती गेली. मामीनं दारापर्यंत जाऊन तिला निरोप दिला, परत आली, कप उचलले, अन् त्याच आवाजात, काहीच झालं न्हाई अशा आवाजात म्हणली:

"आता ती शर्यतीची गाडी काढून टाक."

मी म्हणलं, कुठली गाडी?

"मी रविवारी आले तवा लाडवाचा डबा लॅपटॉपवर होता," मामी म्हणली, "अन् लॅपटॉपवर लाल गाडी होती. पहिला नंबर लिहून आला होता. तुझ्या नावासहित."

म्हणजे तिला सकाळपासून माहीत होतं. मी अपडेट म्हणलं तेव्हाही, पाठीवर थाप पडली तेव्हाही. पाहुण्यांसमोर तिनं एक अक्षर काढलं न्हाई, उलट पहिला कप मला दिला. मी गाडी काढली. यादी पूर्ण वाचून काढली, मामी शेजारी उभी होती.

आता तुमी सांगा. आपणच बिघडवायचं, आपणच नीट करायचं, वर शाबासकीचा चहा प्यायचा, अन् चहा देणाऱ्याला पहिल्यापासून सगळं माहीत असायचं, असं तुमच्यासोबत कधी झालंय का? का मी एकटीच हाय?