कोरमला एक कमी

वर्लीन स्टाउटला बेल्स फोर्क गावातल्या पार्टीच्या क्लबचं अध्यक्षपद मिळालं, ते ती सभेतून उठून बाथरूमला गेली म्हणून. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कुणीच उभं राहायला तयार नव्हतं. बाई परत येऊन खुर्चीत टेकते न टेकते तोच टाळ्या! ठराव झाला, अनुमोदन झालं, इतिवृत्तात नावसुद्धा चढलं.

"अरे, मला विचारलंत तरी का?" ती ओरडली.

"तू नव्हतीस ना इथे. विचारणार कुणाला?" तिचा नवरा हॉइट म्हणाला आणि पुन्हा डुलकी काढायला लागला.

एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती. मागच्या बाकावरच्या भांडणापर्यंत पोचणारा आवाज, आणि डोंगरातलं प्रत्येक वळण पाठ. अध्यक्ष झाल्यावर तिने एकच काम मनापासून केलं. गावातलं मतदान केंद्र बंद करून सव्वीस मैलांवर हलवलं, तेव्हापासून दर निवडणुकीला ती म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिथवर नेऊन आणत असे. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पार्टीकडे चाकाची खुर्ची वर उचलून घेणारी एक व्हॅन होती. मान्यता असलेल्या क्लबलाच ती मिळायची. अकरा माणसं त्या व्हॅनवर अवलंबून होती. बाकी पार्टीत कोण कुणावर रुसलं, कोण कुणाच्या बाजूचं, याच्याशी वर्लीनला काडीचं देणंघेणं नव्हतं.

आणि मग काउंटीला क्लबांची मदत करायची हुक्की आली.

आधी फुगे आले. दोनशे फुगे, एकही धड फुगेना. मग 'क्लब कसा वाढवावा' या विषयावर शिबिर ठेवलं, तेही नेमकं क्लबच्या सभेच्या दिवशी आणि सभेच्याच वेळेला. आणि जूनच्या शेवटी कर्टिस व्हेलनचा फोन. हा काउंटी पार्टीचा क्लब सहाय्य प्रमुख. माणूस वाईट नव्हता हो, पण त्याच्या तोंडून 'मदत' हा शब्द निघाला की वर्लीन फोन कानापासून लांब धरायची.

"वर्लीनबाई, अभिनंदन! सगळ्या काउंटीत तुमचा क्लब सर्वात झपाट्याने वाढलाय!"

"कुठे वाढला? मला तर तीच बारा डोकी दिसतात."

"कागदावर, बाई. पस्तीस नवे सदस्य! तुमच्या भागातल्या ज्यांनी ज्यांनी आमच्या वेबसाइटवर नाव टाकलं, ते सगळे तुमच्या यादीत घातलेत. आमच्याकडून मदत."

वर्लीन बसमध्ये ओकलेल्या पोराकडे बघावं तशी फोनकडे बघत राहिली. नियम तिला तोंडपाठ होता. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, सदस्यांचा एक तृतीयांश. कालपर्यंत सदस्य बावीस, आठ जण आले की सभा चालू. आता सत्तावन्न झाले. म्हणजे एकोणीस हवेत, आणि येणार बारा. बावीसातले बाकीचे दहा एक तर रात्रपाळीला, नाही तर अंथरुणाला खिळलेले.

"काढून टाका त्यांना," ती म्हणाली.

"काढायला क्लबचा ठराव लागतो, बाई."

"मग करते की ठराव!"

"ठरावाला कोरम लागतो."

"कर्टिस, तुला ऐकू येतंय का, तू काय बोलतोयस ते?"

"नियम काउंटीचे आहेत, बाई. लागोपाठ तीन सभांना कोरम झाला नाही तर मान्यता जाते. पण तुम्ही काळजी करू नका, आम्ही फुगे पाठवतोय आणखी."

जुलैत बारा आले. ऑगस्टमध्ये तेरा. तिसरी सभा सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी, आणि निवडणूक नोव्हेंबरात. मान्यता गेली की व्हॅन गेली.

वर्लीन त्या पस्तीसांतल्या एकेकाला फोन करत गेली. एक बाई ॲरिझोनाला राहायला गेलेली. एकाला वाटलेलं, नाव टाकलं की बक्षिसात ट्रॅक्टर मिळतो. एकाने तासभर गुडघेदुखी सांगितली आणि शेवटी म्हणाला, "पण मी मत देत नाही हं." देवा रे! तरी तिने पाच जण पटवले. सभेला हॅम घातलेला घेवडा आणि गरम कॉर्नब्रेड आहे, असं सांगून सांगून. तेरा आणि पाच अठरा. एक कमी. आणि यादीत उरलेलं शेवटचं नाव वाचून तिने चष्मा पुसला. ड्यूई लॅथ्रप.

ड्यूई म्हणजे समोरच्या पार्टीच्या क्लबचा चिटणीस! त्याच्या कुंपणाला त्यांच्या उमेदवारांच्या पाट्या बारा महिने. वर्लीन तडक त्याच्या घरी गेली.

दार त्याच्या आईने, ऑल्टाबाईंनी उघडलं. एक्याण्णव वर्षांच्या, चाकाच्या खुर्चीत. व्हॅनमधल्या अकरातल्या पहिल्या त्याच. घरबसल्या टपालाने मत द्यायचं नाव काढलं की भडकायच्या. म्हणायच्या, "मी मत देताना चार माणसांना दिसले पाहिजे."

"अगं, ते नाव मीच टाकलं!" वर्लीनने यादी दाखवताच ऑल्टाबाई म्हणाल्या. "ड्यूईच्या कॉम्प्युटरवरून. मला तुझ्या क्लबात यायचं होतं. त्या मेल्या यंत्राने आपोआप त्याचं नाव घातलं. पण सदस्य मीच. मला मोज!"

"मोजता येत नाही हो. यादीत त्याचं नाव आहे."

"मग यादी बदल."

"त्याला ठराव लागतो," वर्लीन म्हणाली आणि तिला एकदम रडायलाच आलं.

ड्यूई मागे स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. शाळेत वर्लीनच्या दोन वर्ग मागे. वर्लीनने डोळे पुसले आणि त्याच्याकडे वळली.

"नुसतं येऊन बस. मत देऊ नकोस, बोलू नकोस. नाव पुकारलं की 'हजर' म्हण."

"आणि ते इतिवृत्तात जाणार. आणि इतिवृत्त काउंटी वेबसाइटवर टाकणार," ड्यूई म्हणाला. "वेड लागलंय का तुला? माझ्या लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

"मग आईला तूच ने मतदानाला."

"त्याच्या ट्रकात?" ऑल्टाबाई उसळल्या. "त्याची पायरी माझ्या कमरेएवढी! आणि मत कुणाला देणार म्हणून वाटभर माझं डोकं खाईल."

ड्यूई आत निघून गेला.

मंगळवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या मागच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. घेवड्याचं पातेलं ठेवलं. ट्रॅक्टरवालासुद्धा आला. कर्टिस यादी घेऊन कोपऱ्यात बसला, दाराला दोन फुगे बांधून. सात वाजले. वर्लीनने डोकी मोजली. अठरा. पुन्हा मोजली. हॉइट झोपलेला होता, पण झोपलेला माणूस हजरच धरतात. तरी अठराच.

"दहा मिनिटं थांबू," ती म्हणाली.

"नियमाप्रमाणे पाच," कर्टिस म्हणाला.

वर्लीनने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने घड्याळ उलटं ठेवलं.

तेवढ्यात दारातून चाकाची खुर्ची आत आली. ऑल्टाबाई निळा झगा घालून, ओठांना लाली लावून बसलेल्या. खुर्ची ढकलत मागे ड्यूई, टोपी काढून काखेत धरलेली. तो भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसला.

वर्लीन नावं पुकारायला लागली.

"ड्यूई लॅथ्रप."

ऑल्टाबाईंनी मांडीवरची काठी त्याच्यावर उगारली.

"हजर," ड्यूई म्हणाला. जमिनीकडे बघत, पण मोठ्याने.

"एकोणीस," कर्टिस म्हणाला. "कोरम पूर्ण. बघा वर्लीनबाई, मी म्हटलं नव्हतं, मदतीचा उपयोग होतो?"

त्याला तिने घेवड्याचा डाव फेकून मारला नाही, यातच तिचा मोठेपणा. तिने पहिला ठराव मांडला, पस्तीस नावं काढून टाकायची, घेवड्यासाठी आलेल्या पाचांसकट, आणि ऑल्टा लॅथ्रप यांचं नाव घालायचं. अठरा हात वर झाले. हॉइटचा तिने धरून वर केला. ड्यूई खिडकीबाहेर बघत बसला.

सभा संपल्यावर ती त्याला दारात गाठायला गेली. तो आईच्या मांडीवर शाल घालत होता.

"तुझ्या लोकांना काय सांगणार?"

"सांगून झालं. दुपारीच चिटणीसपदाचा राजीनामा दिला. आमच्यात दोन क्लबांत नाव चालत नाही."

"अरे गाढवा!" वर्लीन किंचाळली. "एक सही करून आमच्या यादीतून तुझं नाव काढून घेता आलं असतं तुला! सदस्याने स्वतः नाव काढायला ठराव लागत नाही!"

"ठाऊक आहे. नियम वाचलेत मी तुमचे."

"मग?"

"मग छप्पन्न झाले असते. छप्पन्नालाही तुला एकोणीसच लागतात. हिशेब केला मी. तुझ्याकडे अठराच होते."

तिने उगाच दाराचा फुगा सोडवला, तो फुस्सकन वाजत रिकामा झाला.

"निवडणुकीला साडेनऊला येते मी आईला न्यायला," ती शेवटी म्हणाली. "आणि तू? तू मत आमच्याविरुद्धच देणार ना?"

"अर्थात."

"म्हणजे आईचं मत फुकट."

"चाळीस वर्षं तेच चाललंय आमचं," ऑल्टाबाई म्हणाल्या.

"मग वेगळा ट्रक कशाला काढतोस?" वर्लीन म्हणाली. "व्हॅनमध्ये ये. पुढची सीट रिकामी असते."