डांबर, सुका गुलाब आणि हक्कसोड

विमानतळ एका दिशेला आणि आमची गाडी वळली दुसऱ्या दिशेला, कल्याणला. डिकीत माझ्या दोन बॅगा, मागच्या सीटवर आई आणि मी. बाबांना जाऊन तीन महिने झालेले. "सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायची हायेत, दोन मिनिटांचा काम," दादूस, माझा मोठा भाऊ, म्हणाला. नोंदणी कार्यालयात माझा फोटो काढला, सही घेतली. फ्लाइट चुकेल या धास्तीत मी कागद वाचलाच नाही. आईला वाचता येत नाही, तिने अंगठा दिला. तो हक्कसोडीचा कागद होता, हे मला नंतर कळलं. डोंबिवलीच्या खाडीकाठची आमची सगळी जमीन त्या दिवशी एकट्या दादूसची झाली. त्यानेच मला विमानतळावर सोडलं आणि मिठी मारून रडला.

माझ्या चुलत-मावस बहिणींनो, तुम्ही वर्तकनगरला असा नाहीतर मस्कतला, हे तुमच्यासाठी लिहितेय. सह्या तुमच्याही झाल्यात.

इटलीत मी हॉटेलच्या नोकरीवर गेलेले. पुढे पिएमोंतेतल्या एका नावाजलेल्या वाइनरीत लागले, पाहुण्यांना वाइन चाखवायच्या कामाला. मालकीण जुलिया, माझ्याच वयाची. गेल्या हिवाळ्यात तिने तळघरातून बारोलोची, तिथल्या लाल वाइनची, जुनी बाटली वर आणली. मी दहावीत होते त्या वर्षीची. कॉर्क भुसभुशीत झालेलं, अर्धं तिच्या हातात आलं. ग्लासात ओतल्यावर कडेला रंग विटकरी दिसत होता. "आधी वास घे, घाई करू नकोस," ती म्हणाली. सुकलेला गुलाब आला आणि त्याच्या मागून गरम डांबर. पहिला घोट जीभ आवळणारा, कात जास्त पडलेल्या पानासारखा. मग तो सैल होत गेला आणि शेवटी जिभेवर किंचित मीठ राहिलं.

बाबा खाडीलगतच्या खाजणातल्या शेताची माती चिमटीत घेऊन जिभेला लावायचे. "खारी लागली तर भात नाय होनार, बाय. तू बघ चाखून." मला चाखायला त्यांनी शिकवलं. दादूसला ते घाण वाटायचं. त्या शेतावर आता टॉवर आहे आणि बांध होता तिथून डांबरी रस्ता जातो.

"हा द्राक्षमळ्याचा उतार वडिलांचा," जुलिया सांगत होती. "भावाला आणि मला निम्मा निम्मा. तो तुरीनला बँकेत असतो, म्हणून मी बघते." भाजी कुठून आणली ते सांगावं इतक्या सहज. आमच्या कामात घोट थुंकायचा असतो. मी गिळला.

वाटा आपल्यालाही आहे, बायांनो. कायद्यात आहे म्हणूनच तर आपली सही लागते.

जानेवारीत आले तेव्हा तशीच एक बाटली घेऊन दादूसच्या माजिवड्याच्या फ्लॅटवर गेले. आईही तिथेच राहते. त्याने ग्लासात बर्फ टाकला, वर सोडा ओतला. जेवताना मी विचारलं, "त्या कागदात काय होतं ते सांगितलं का नाहीस?"

"तुला काय कमी केला? दर भाऊबीजेला साडी पाठवतो ना?"

"साडी राहू दे. माझा वाटा दे."

त्याने ग्लास बाजूला सारला. "वाटा घेशील तर माहेर तुटंल. मंग या दारान यायचा नाय."

आई मान खाली घालून माशाचे काटे काढत होती. मला वाटलं, ती बोलेल. "गप बसा रं दोघं. जेवा," एवढंच म्हणाली. तिचाही राग आला. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या एका वकीलबाईंना गाठलं आणि फसवून सही घेतल्याचा दावा लावला. जिंकेन असं त्या म्हणत नाहीत. गावात मला हावरी म्हणतात, तुमच्यातल्याही काही जणी. म्हणा.

पूर्वी मी हळदीला, गणपतीला यायचे. आता कोर्टाच्या तारखेला येते. परवा दादूस बाहेर गेलेला बघून आईने फोन केला, हळू आवाजात. "तारीख कवा हाय?"

"मंगळवारी."

"मी येईन. तुझ्या बाजूनं बोलनार नाय. पन निवट्यांचा डबा आनीन."

कोर्टाच्या आवारातल्या बाकावर आईशेजारी बसून खाडीतल्या त्या माशांचा डबा खायचा, एवढंच घर मला सध्या उरलंय. ते मला पुरत नाही.