मागच्या सीटचं गिऱ्हाईक

गाडी घ्यायला आलेला माणूस शोरूममध्ये शिरला की आधी बॉनेटवरून हात फिरवतो, मग टायरला हलकेच लाथ मारतो आणि शेवटी स्टीअरिंगवर बसून आरशात स्वतःचा भांग बघतो. ही जगरहाटी. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले अण्णा मात्र त्या काचेच्या महालात शिरले, फरशीवर चपला काढल्या, नव्याकोऱ्या सेडानचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन सरळ आडवे झाले. आडवं होण्यापूर्वी हातातली कापडी पिशवी त्यांनी पलीकडच्या दाराशी, देव्हाऱ्यात मूर्ती ठेवावी तशी नीट उभी करून ठेवली. तिच्यावर डोकं टेकलं, गुडघे पोटाशी घेतले आणि डोळे मिटले. पिशवीत मेथीची जुडी होती. तिची दोन पानं त्या दुधासारख्या सीटवर सांडली.

शोरूममध्ये हाहाकार उडाला. कुणी पाणी आणायला धावलं, कुणी अँब्युलन्सचा नंबर शोधू लागलं, रिसेप्शनवरची मुलगी तर रडायच्या बेतात आली. टाय लावलेले जाधव नावाचे सेल्समन दारात वाकून म्हणाले, "काका! काय होतंय काका?"

अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "थांबा हो जरा. झोप लागते का बघतोय."

मी दहाचे शंभर करून सांगतो, असं माझी बायको चारचौघांत सांगते. आणि ती स्वतः दहाचे हजार करते. पण ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे, कारण अण्णांच्या चपला सांभाळत मीच गाडीच्या दाराशी उभा होतो.

अण्णा मूळचे निफाडकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून आले, तिथेच निवृत्त झाले, पण नाशिक शहर त्यांच्या जिभेवर कधी चढलं नाही. 'लय' आणि 'नाय' शेवटपर्यंत तसेच राहिले. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि वहिनी. आयुष्यभर सायकल चालवली. चार चाकांचं त्यांनी हातात धरलेलं एकमेव वाहन म्हणजे कारखान्यातली माल ओढायची ट्रॉली. असा माणूस सत्तरीच्या उंबरठ्यावर गाडी घ्यायची म्हणाला, तेव्हा आमच्या सोसायटीची लिफ्टसुद्धा दोन मजल्यांच्या मध्ये थबकली.

"अण्णा, चालवणार कोण?" मी विचारलं.

"तुम्ही हाय ना, बापू."

माझ्या ड्रायव्हिंगची कीर्ती मोठी आहे. मुंबई नाक्याचे सिग्नल मला लांबून ओळखून हिरवे होतात, असं मीच सगळ्यांना सांगत असतो. अण्णांनी ते खरं मानलं होतं. थापा मारणाऱ्याला यासारखी दुसरी शिक्षा नाही.

गाडीचं कारण मात्र थापेसारखं नव्हतं. वहिनींची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. जाताना काही वाटायचं नाही. येताना अंगातलं सगळं बळ त्या यंत्रात ठेवून आल्यासारख्या व्हायच्या. रक्तदाब उतरायचा, डोकं गरगरायचं आणि त्र्यंबक रोडचे खड्डे उरलंसुरलं ढवळून काढायचे. एकदा रिक्षात उलटी झाली. रिक्षावाला वाईट नव्हता, पण म्हणाला, "मावशी, गाडी खराब केली की हो!" वहिनी उतरल्या, भिंतीला एक हात धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या पदराने रिक्षा पुसू लागल्या. अण्णा अडवत होते, रिक्षावालाही "राहू द्या, राहू द्या" म्हणत होता, आणि त्या पुसतच होत्या. "माफ करा दादा, माफ करा दादा" म्हणत.

त्या संध्याकाळी अण्णा माझ्या दारात आले. आत आले नाहीत.

"बापू, गाडी घ्यायची."

"कुठली घ्यायची?"

"जिच्यात उलटी झाली तर कुणाची माफी मागावी लागत नाय, अशी."

झालं. तिथून आमची मोहीम सुरू झाली. नाशिकमध्ये जिच्यात अण्णा आडवे झाले नाहीत अशी गाडी उरली नाही. एकदा तर ते चुकून शोरूमच्या मॅनेजरच्या स्वतःच्या गाडीत झोपले. जिथे जावं तिथे आम्हाला उंच, रुबाबदार गाड्या दाखवत. "सर, सेडान आता कोण घेतं? ही बघा, रस्त्यावर राजासारखी दिसते."

"राजा चढंल हो," अण्णा म्हणत. "राणीचा पाय उचलत नाय."

लहान गाड्यांमध्ये पाय दुमडूनही मावेना. एकीत दाराचं हँडल कानशिलात घुसायचं, एकीत सीटच्या मधोमध उंचवटा. शेवटी ही नवी सेडान बाजारात आली. शहरभर तिचे फलक लागले होते. अण्णांचा फलकांवर विश्वास नव्हता. ते गंगापूर रोडच्या पेट्रोल पंपावर ठाण मांडून बसले आणि ती गाडी आली की मालकाला गाठू लागले. मालक हौसेने सांगायचे: ॲव्हरेज चांगलं आहे, स्क्रीन एवढी मोठी आहे, गिअर लोण्यासारखा पडतो, फक्त स्पीडब्रेकरला पोट घासतं. अण्णा सगळं ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "ते ठीक हाय. मागं आडवं पडून बघितलंय का कधी?"

एका तरुण मालकाच्या शेजारी त्याची बायको बसली होती. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याने पेट्रोल अर्धवट ठेवून गाडी पळवली.

"पोट घासतं म्हणतात," मी म्हणालो.

"घासू द्या. आपल्याला कुठं पळायचंय? हळू जायचं."

आणि मग तो शोरूमचा प्रसंग. अण्णा उठले, मेथीची पानं वेचून खिशात घातली, चपला पायात सरकवल्या आणि जाधवांना म्हणाले, "हीच." बाहेर आल्यावर मी विचारलं, "अण्णा, सगळं समजलं. पण प्रत्येक गाडीत ती पिशवी कशाला उभी करता?"

त्यांनी माझ्याकडे मी ढ असल्यासारखं पाहिलं. "पिशवी म्हणजे मी हो. तिचं डोकं माझ्या मांडीवर यायला पायजे ना. मी बसून ती मावली पायजे. निस्ती गाडी घेऊन काय करू?"

बुकिंग केलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. अण्णांना हवं होतं ते साधं मॉडेल फक्त जाहिरातीत होतं. प्रत्यक्षात मिळत होतं ते सनरूफवालं. "छपराला भोक पाडायचं आणि त्याचे पैसे बी आपणच द्यायचे?" असं म्हणत त्यांनी तेही कबूल केलं. मग पांढऱ्या रंगाला वेळ लागेल असं कळलं. "तिला काय बाहेरून बघायचीय? कुठला बी रंग द्या." तर म्हणे, रंग बदलला की नंबर पुन्हा रांगेच्या शेवटी जातो. मग किंमत वाढली. दर वेळी उत्तर एकच: पुढच्या आठवड्यात. हा पुढचा आठवडा कधी नाशिकच्या हद्दीत शिरलाच नाही. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडला असणार. एकदा कळलं, गाडी डिस्पॅच झाली आहे. मी उडालोच. अण्णा शांत. "आमच्या स्टोअरात माल नसला की आम्ही बी हेच सांगायचो."

ते माझ्याशी बोलायचे थट्टेने, पण वहिनींचं वजन उतरत चाललं होतं आणि त्यांच्या हाताच्या शिरा सुया घेऊन थकल्या होत्या. एकदा जिन्यात ते हळूच म्हणाले, "बापू, गाडी आधी आली पायजे." कशाच्या आधी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आणि याच माणसाने मग अशी शक्कल काढली की ती मला सुचली नाही याचं मला अजून दुःख आहे. गाड्यांच्या कंपन्या टेस्ट ड्राइव्हसाठी गाडी तुमच्या दारात पाठवतात. अण्णांनी दार दिलं हॉस्पिटलचं. वेळ दिली डायलिसिस संपण्याची. जाताना रिक्षा, येताना टेस्ट ड्राइव्ह! आज या कंपनीची, परवा त्या कंपनीची. मागच्या सीटवर अण्णा कोपऱ्यात, वहिनींचं डोकं मांडीवर, आणि पुढे बसलेला सेल्समन एअरबॅगची माहिती देतोय. मध्येच गाडीतली रस्ता सांगणारी यंत्रातली बाई काहीतरी बोलली की अण्णा दटावायचे, "हळू बोल बाई, माणूस झोपलंय."

काही दिवसांत सगळ्या कंपन्या शहाण्या झाल्या. उरले जाधव. आधी मला वाटलं, याला काही कळत नाही. मग एकदा त्यांच्याच डेमो गाडीत वहिनींना उलटी झाली. अण्णांचा चेहरा उतरला, वहिनींनी पदर हातात घेतला. जाधवांनी गाडी बाजूला घेतली, उतरून मागे आले आणि म्हणाले, "काकू, पदर ठेवा. ही आज धुवायचीच होती. उद्या कस्टमरला दाखवायचीय." त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. एका गिऱ्हाइकाला एकच टेस्ट ड्राइव्ह, असा त्यांच्याकडे नियम. मग जाधवांच्या नोंदवहीत अण्णा कधी पाटील व्हायचे, कधी देशपांडे, आणि एकदा तर, जाधव शपथेवर सांगतात, मिसेस डिसूझा झाले होते. पुढच्या खेपेला अण्णांनी गावाकडून द्राक्षांची पेटी मागवून त्यांच्या पुढच्या सीटवर ठेवली.

नंतर जे झालं ते मला रंगवून सांगता येत नाही. प्रयत्न करून पाहिला.

वहिनी आत यंत्राला जोडलेल्या होत्या. अण्णा बाहेरच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन, नेहमीसारखे बसले होते. नर्सला वाटलं, डोळा लागला. चहावाला दोनदा हाक मारून गेला. तिसऱ्यांदा त्याने खांद्याला हात लावला.

वहिनींच्या आजारपणाची आम्हाला इतकी सवय झाली होती की मरण त्यांच्याच पलंगाभोवती फिरतंय, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ते बाकावर येऊन बसेल असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. अण्णांच्याही.

फोन आला तसा मी पोचलो. डॉक्टर म्हणाले, डायलिसिस संपेपर्यंत बाईंना काही सांगू नका. मी आत जाऊन उभा राहिलो. जन्मभर खोटं बोलण्याचा सराव केलेला माणूस.

"बापूभाऊ, तुम्ही कसे आज?" वहिनी म्हणाल्या. "हे कुठायत?"

"बाहेर बसलेत."

ते खरं होतं.

यंत्र थांबल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. वहिनी रडल्या नाहीत. अण्णांच्या मांडीवरची पिशवी तेवढी मागून घेतली. खाली गेटवर जाधव गाडी घेऊन उभे होते. ठरलेली वेळ झाली होती. त्या दिवशी वहिनी मागच्या सीटवर ताठ बसून घरी आल्या. एकदाही मागे टेकल्या नाहीत.

डायलिसिसला सुतक नसतं. दोनच दिवसांनी पुन्हा जायचं होतं. मी रिक्षा बघायला निघालो, तर जाधव खाली हजर. "अण्णांनी महिनाभराचं बुकिंग करून ठेवलंय," ते म्हणाले. असं बुकिंग नसतं, हे मला माहीत होतं. मी मान हलवली.

आणि तेरावं झाल्यावर, पुढचा आठवडा अखेर नाशिकला पोचला. गाडी आली. रंग पांढरा.

"पैसे परत घ्या म्हणावं," वहिनी म्हणाल्या. "मला चालवता येत नाही, त्यांनाही येत नव्हती. कुणासाठी घ्यायची?"

मग मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. कारण हे त्यांना काहीच माहीत नव्हतं. अण्णा शोरूमशोरूममध्ये कसे झोपले, रिसेप्शनवरची मुलगी कशी रडायला आली, मेथी कशी सांडली, पेट्रोल पंपावरचा नवरा कसा पळाला. मी दहाचे शंभर नाही, लाख केले. मॅनेजरच्या गाडीत अण्णांना घोरायला लावलं. वहिनी पदर तोंडाला लावून हसू लागल्या, हसता हसता कधीतरी हसणं संपलं आणि पदर तिथेच राहिला. मग म्हणाल्या, "चला. बघून तरी येऊ, ते कुठं झोपले होते."

एक गोष्ट तेवढी मी सांगितली नाही. पिशवीची.

शोरूममध्ये नव्या मालकासाठी फुगे, केक आणि पुठ्ठ्याची दोन हात लांब किल्ली तयार होती. जाधवांनी ते सगळं डोळ्यांनीच आत पाठवून दिलं. गाडीवर कुंकवाचं बोट मी लावलं. मागचं दार उघडलं तर सीटवर प्लॅस्टिक होतं.

"राहू द्या ते," वहिनी संकोचून म्हणाल्या. "मला मध्येच काही झालं तर..."

मी प्लॅस्टिक धरलं आणि टराटरा फाडलं. "वहिनी, गाडी तुमची आहे."

त्यांनी चपला बाहेर काढल्या. आत बसल्या, सीटवरून एकदा तळवा फिरवला. मग हातातली कापडी पिशवी पलीकडच्या दाराशी नेऊन ठेवली. कलंडत होती, ती पुन्हा नीट उभी केली. तिच्यावर डोकं टेकलं, गुडघे पोटाशी घेतले.

"बापूभाऊ," त्या डोळे मिटून म्हणाल्या, "मावते हो मी."

मी गाडी सुरू केली. मुंबई नाक्याचा सिग्नल लाल होता, आणि मला काही घाई नव्हती.