सुईचं टोक

शेजारच्या वहिनी नवऱ्याला टाकून तांबड्या ग्रहावर राहायला चालल्या, अशी बातमी आमच्या जिन्यात पसरली. पसरवणारा मीच. दारात बांधलेलं सामान पाहिलं आणि जीभ आवरली नाही. खरं एवढंच, की तिकडं जाणाऱ्यांचे हातमोजे शिवायची नोकरी वहिनींना लागली होती, म्हणून घरचं शिवणयंत्र विकायला काढलं होतं. नवरा जिथल्या तिथं आहे, सोफ्यावर.

पृथ्वीचा उद्या निकाल लागलाच, तर माणसाचं बी दुसरीकडं शिल्लक असावं म्हणून तिथं वस्ती करतायत. बाहेर श्वास घ्यायला हवा नाही. मोज्याला भोक पडलं की माणूस संपला. वहिनींचं पहिलं वर्ष उमेदवारीचं; ते सरत आलं होतं, पंधरा दिवसांत कायम होणार होत्या. सासूबाईंनी तर निम्म्या गल्लीला आधीच सांगून टाकलं होतं.

कारखान्यात नियम असा, की सुई मोडली तर तुकडे गोळा करून कागदावर चिकटवायचे. अख्खी सुई जुळली तरच पुढचं काम. वहिनींच्या सुईचं टोक कधी उडालं ते कळलंच नाही, टाके पडत होते. संध्याकाळी सुई परत देताना दिसलं. तोवर अकरा मोज्यांची अस्तरं शिवून झाली होती. मोज्यात धातूची जाळी, त्यामुळे धातू तपासायचं यंत्र सगळ्यांवरच बोंबलायचं. गप्प बसल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण स्वतः जाऊन कारखान्याच्या साहेबांना सांगितलं.

साहेब म्हणाले, "खाली कुठंतरी पडलं असेल. सुई जुळली म्हणून सही करा, ताई."

"पडलं असेल तर शोधून द्या. नाहीतर अकराही उसवा."

"अहो, पेट्या परवा निघायच्यात!"

"निघू देत की. मोजे नाही निघायचे."

उसवायला नऊ दिवस गेले. टोक सापडलं नवव्या मोज्यात, अंगठ्याच्या अस्तरात. पेट्या पाठवायची तारीख मात्र हुकली; पुढचं यान महिन्यानं.

मग साहेब स्वतः घरी आले. मी वाटीभर साखर मागायला दारात होतोच. उमेदवारी आणखी वर्षभर वाढली, असं त्यांनी सांगितलं. सासूबाईंचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

साहेब म्हणाले, "माणूसजात टिकवायचं काम महिनाभर मागं पडलं, ताई. एवढ्याशा टोकापायी."

वहिनी म्हणाल्या, "त्या मोज्यात ज्याचा अंगठा जाणार होता, त्याला विचारून या साहेब. मग वाढवा माझं वर्ष."