मोजून गप्प बसलेला माणूस

लातूरच्या एका सभ्य माणसानं मला फसवलं, आणि त्याच्या भरवशावर मी नांदेडच्या अकरा रिक्षावाल्यांना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं त्या माणसाबद्दल दोन बऱ्या गोष्टी माझ्या तोंडून निघतील, तेव्हा मी विरघळलो असं कुणी समजू नये.

नाव लिहीत नाही. आम्ही त्यांना सर म्हणायचो. विजेची बचत करा, धूर न सोडणाऱ्या गाड्या वापरा, असं सांगत फिरणाऱ्या एका संस्थेत ते होते. संस्थेचं ऑफिस लातूरला, नांदेडचं सगळं काम सरांकडं. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पंखे बंद करणारा. बोलता बोलता उठणार, रिकाम्या कोपऱ्यातल्या पंख्याचं बटण दाबणार आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत येऊन बसणार. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्या खुर्चीवरचाच पंखा बंद केला. मी पाना आणायला आत गेलो होतो, एवढाच माझा गुन्हा. एप्रिल महिना होता.

"सर, मी मेलो न्हाई अजून," मी आतून ओरडलो.

"खुर्ची रिकामी होती, शेठ," ते शांतपणे म्हणाले.

मी उमरीहून नांदेडला आलो तेव्हा स्टेशनाबाहेर पंक्चर काढायचो. आज बॅटरी आणि वायरिंगचं स्वतःचं गॅरेज आहे. कुणी दिलेलं नाही, भांडून मिळवलेलं आहे. भाव केल्याशिवाय मी देवळाबाहेरचा नारळही घेत नाही. समोरचा माणूस कुठं अडखळला, कुठं त्यानं नजर चुकवली, एवढं बघितलं की मला त्याचा खरा भाव कळतो. ही माझी कमाई आहे. ती या एका माणसापुढं कामाला आली नाही.

कारण सर भावच सांगत नव्हते. ते मोजत होते. वायरीला चिमट्यासारखा लावायचा एक मीटर त्यांच्या खांद्यावरच्या झोळीत कायम असायचा. माझा हवा भरायचा कॉम्प्रेसर किती करंट खातो यावरून आमची जुंपली. मी म्हणालो, नवाच आहे, काही खात नाही.

"आधी मोजू, शेठ. मग भांडू."

मोजलं. मग कॉम्प्रेसरजवळ गुडघ्यावर बसून, पाइपाला कान लावून त्यांनी गळणारी जागा शोधली. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे. दोन वर्षं मी हवा भरण्यासाठी नाही, हवा सोडण्यासाठी बिल भरून राहिलो होतो. मी मिस्त्री माणूस, सरांचे वडील शाळेत मास्तर, आणि माझ्या दुकानातली गळती या मास्तराच्या पोरानं काढली. राग आला, पण विश्वासही तिथंच बसला.

शेजारच्या चहावाल्या मावशीलाही ते सोडायचे नाहीत.

"मावशी, पातेल्यावर झाकण ठेवा. गॅस वाचतो."

"झाकण ठेवलं की चहा उतू जातो. मग शेगडी तुम्ही पुसता का, सर?"

सर खरंच पुसायला गेले. मावशीनं फडकं हिसकावून घेतलं, पण त्या दिवसापासून दूध तापवताना तरी ती झाकण ठेवायला लागली. असा माणूस. सायकलवर फिरायचा, कुणाचं फुकट काही घ्यायचा नाही. अशा माणसाशी घासाघीस करायला मला लाज वाटली. तीच चूक.

पुढच्या हिवाळ्यात संस्थेची योजना आली. जुनी रिक्षा द्या, विजेवरची घ्या. रिक्षावाले सरांचं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि निघून जायचे. त्यांच्या गाड्या मी दुरुस्त करतो, म्हणून ते माझं ऐकतात. सर म्हणाले, "शेठ, तुम्ही एकदा बोला." माझ्या गॅरेजच्या मोकळ्या जागेत बैठक झाली. अकरा जण आले.

गंगाधर पुढं बसला होता. त्याचा धंदा अर्धापूरच्या रस्त्यावरचा. सकाळी केळीवाल्या बायांना टोपल्यांसकट नांदेडला आणायचं, दुपारी रिकाम्या टोपल्यांसकट परत न्यायचं. वीस वर्षांची बांधलेली गिऱ्हाइकं. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"शेठ, भर उन्हाळ्यात, लोड घेऊन, अर्धापूरला जाऊन वापस येईल का?"

मी सरांकडं वळलो. "उन्हाळ्यात मोजलं का, सर?"

"मोजलंय."

"चालली?"

"वर्षभर मोजलंय, शेठ."

वाचणाऱ्यांनो, तुम्ही आत्ता लगेच ओळखलं असेल. मी विचारलं चालली का, आणि उत्तर आलं मोजलंय. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला तिथंच उलटा टांगला असता. पण समोर सर होते. मी गंगाधरला म्हणालो, "येईल वापस. माझी जबान हाय."

योजनेची एक अट होती. जुनी रिक्षा पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून तिच्या इंजिनाला सगळ्यांसमोर भोक पाडायचं, फोटो काढायचा, मग ती भंगारात. ते भोक मी पाडलं. अकराही. गंगाधरनं आधी मागची 'आईचा आशीर्वाद' लिहिलेली पट्टी स्क्रू काढून उतरवली, इंजिनाला हळदीकुंकू वाहिलं आणि म्हणाला, "चालवा, शेठ." ड्रिल आत गेलं तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. सर बाजूला वही घेऊन उभे होते.

हिवाळाभर गाड्या झकास चालल्या. बाया म्हणायच्या, आवाज नाही, धक्का नाही. मी छाती काढून फिरायचो. मग ऊन तापलं. आधी चार्जिंग लवकर उतरायला लागलं, मग मे महिन्यात गंगाधरची गाडी वाटेतच बसली. आठ बाया, टोपल्या, डांबर वितळलेलं. दोनदा झालं, तीनदा झालं. चौथ्या दिवशी बाया जीपमध्ये बसल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. बाकीच्या दहाजणांचंही कमीजास्त हेच. शहरातल्या शहरात चालतात गाड्या, पण स्टेशनावर आधीच रिक्षांची रांग लागलेली.

तेव्हापासून मी कुणाला म्हणालो की बॅटरी वर्षभर जाईल, तर गिऱ्हाईक हसून विचारतं, "मोजलंय का, शेठ?" वीस वर्षं या तोंडावर धंदा केला मी.

सरांचा फोन वाजायचा, उचलला जायचा नाही. मी लातूर गाठलं. ऑफिसात संचालकांनी पंखा, एसी, सगळं लावून मला गुळगुळीत कागदाचा अहवाल दाखवला. नांदेडचा प्रकल्प यशस्वी झाला आणि संपला, असं म्हणाले. पहिल्या पानावर गंगाधरचा फोटो, हळदीकुंकवासकट. उन्हाळ्याचं विचारलं तर म्हणाले, "आम्ही वार्षिक सरासरी देतो." मी म्हणालो, गंगाधरच्या बाया वार्षिक सरासरीत बसत नाहीत, गाडीत बसतात. त्यांनी शिपायाला बोलावलं.

मग सरांच्या घरी गेलो. दार त्यांच्या वडिलांनी उघडलं. निवृत्त मास्तर, पांढरा सदरा.

"तुम्ही नांदेडचे शेठ का?"

"हो. त्यांना बोलवा."

"तो नोकरी सोडून पुण्याला गेला. म्हणाला होता, तुम्ही भांडायला येणार. पाणी घ्या आधी."

पाणी दिलं आणि एक दोनशेपानी वही माझ्या हातात ठेवली. "आलात तर ही द्यायला सांगितलं होतं."

बसस्टँडवर बसून वाचली. सुंदर अक्षर. रोजची मोजणी, ऊन किती, माणसं किती, गाडी कुठवर गेली. आमच्या बैठकीच्या आधीचा मे महिना. लातूरहून किल्लारीकडं, विजेवरची भरलेली रिक्षा, चार दिवस. चारही दिवस गाडी वाटेत बसली. खाली लिहिलेलं: 'संचालकांना दाखवलं. उन्हाळा वेगळा दाखवू नका म्हणाले.' त्यापुढं, योजना आल्यापासून सर जेव्हा जेव्हा नांदेडला आले, त्या प्रत्येक दिवसाखाली एकच ओळ. 'शेठना सांगायचं राहिलं.' बैठकीच्या दिवशीही तीच. आणि भोकं पाडली त्या दिवशी: 'आज अकरा इंजिनं. शेठना सांगायचं राहिलं.'

मोजणारा माणूस. स्वतःचा गप्पपणाही तारखेवार मोजून ठेवला. बसस्टँडवर क्षणभर मला त्या माणसाची दया आली. रात्री लिहायला बसत असेल तेव्हा त्याचा हात कसा चालत असेल, असं वाटलं. नांदेड येईपर्यंत दया संपली.

वही मी गंगाधरला वाचून दाखवली. लपवणं मला जमत नाही.

"म्हणजे सरला ठाव होतं."

"हाव."

"अन् तुम्हाला न्हवतं?"

"न्हवतं, गंगाधर."

"न्हवतं ना, शेठ?"

दोनदा विचारलं त्यानं. शिवी दिली असती तर मी दोन देऊन मोकळा झालो असतो. पण त्यानं फक्त पुन्हा विचारलं, आणि माझ्याकडं बघत राहिला. मी माणसांच्या नजरा ओळखतो. त्याचा विश्वास बसला नव्हता. वहीतली 'सांगायचं राहिलं' ही ओळही त्यानं माझ्याच तोंडून ऐकली होती. आता तो दुसऱ्याचा टेम्पो चालवायला जातो, आणि तो टेम्पो दुरुस्तीला माझ्याकडं येत नाही.

सर, तुमची वही मला माफीसारखी नको. संचालकांनी दडपलं, ते त्यांचं पाप, त्यांच्याशी मी वेगळा भांडणार आहे. पण मला काहीच ठाऊक नव्हतं, ही गोष्ट माझ्याशिवाय जगात एकट्या तुम्हाला ठाऊक आहे. ड्रिल माझ्या हातात होतं, तुम्ही दोन पावलांवर उभे होता. 'शेठ, थांबा' एवढंच म्हणायचं होतं. का म्हणाला नाहीत? पुण्याहून गाडी पकडा, नांदेडला उतरा, गंगाधरच्या दारात उभे राहा आणि याचं उत्तर त्याला द्या. मी बाजूला उभा राहीन, मध्ये एक शब्द बोलणार नाही.