बेनेदिक्त मास्तरांची झोळी

बेनेदिक्त मास्तरांबद्दल चार शब्द बोलायला मला कुणी बोलावत नाही, आणि ते बरंच आहे. त्यांच्याबद्दल बोलायचं तर आधी मलाच तोंड लपवावं लागेल.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी ते मिशनचे मास्तर होते. फादर महिन्यातून एकदा यायचे. मधल्या दिवसांत प्रार्थना, बाराखडी, मयताची माती, सगळं मास्तरांकडे. गावात खायला काही उरलं नाही तेव्हा आमची दहा-बारा कॅथलिक घरं दापोडीला आली. मास्तरही आले आणि पन्नाशीत कारखान्यात घण मारू लागले. इथे आम्हाला देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. रविवारी मिस्साच्या उपासनेला खडकीपर्यंत चालत जायचं, बाकीचे सहा दिवस वाऱ्यावर. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी जपमाळेची मंडळी उभी केली. शिफ्ट सुटली की कुणाच्या तरी पत्र्याखाली बसून जपमाळ म्हणायची, आजाऱ्याला बघून यायचं, नवरा-बायकोची भांडणं मिटवायची. मास्तर दोघांनाही असं झापायचे की ती दोघं एक होऊन मास्तरांवरच चिडायची. तेवढ्यावर भांडण मिटायचं.

एक गोष्ट त्यांना खपत नसे, ती म्हणजे हात पसरणं. त्यांचा बाप महारकीत भाकर मागत दारोदार फिरला होता. बाप्तिस्मा झाला त्या दिवशी त्याने झोळी चुलीत घातली. "तवापासून आमी कुणाच्या दारात मागत न्हाई," हे मास्तर इतक्यांदा सांगायचे की आम्ही मागे हसायचो.

माझं बाप्तिस्म्याचं नाव सिरिल, घरचं सयाजी. आमच्यात बहुतेकांना अशी दोन नावं. दापोडी गावठाणात आबाजींच्या वाड्यालगतची खोली मागायला गेलो तेव्हा मी सयाजी झालो. "कुठले?" त्यांनी विचारलं. "नगरकडचे," मी म्हणालो. पुढचं, जातीचं, त्यांनी आपल्या मनाने धरलं आणि मी धरू दिलं. खोलीला पक्की भिंत होती, अंगणात विहीर होती. माझी बायको क्लारा पोटुशी होती आणि रुळाकडेच्या पत्र्याखाली पहिलं मूल गेलं होतं. खरं कळलं असतं तर बिऱ्हाड रस्त्यावर आलं असतं, वर विहीर बाटवली म्हणून मार बसला असता. क्रूस मी ट्रंकेत तळाला ठेवला.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. मंडळीत मरियामातेची मूर्ती होती, हातभर उंच, प्लास्टरची. ती रोज एका घरी वस्तीला जायची आणि घरधन्याने दारात सामोरं जाऊन तिला आत घ्यायचं, अशी रीत. कुणाची पाळी कधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरे. चोपन्न साली आठ तारीख माझ्या नावावर निघाली. नको म्हणायला जीभ उचलली नाही. सांगेन सांगेन म्हणत आठवडा गेला आणि मी सांगितलं नाही. भित्र्या माणसाला उद्याचा फार आधार असतो.

त्या दिवशी दिवेलागणीला मास्तर आले. चिखलात पाय घसरून मूर्ती फुटू नये म्हणून त्यांनी ती टोपलीत घालून डोक्यावर घेतली होती. मंडळी कोपऱ्यावर मागे राहिली होती. आबाजींच्या घरच्या मालकीणबाई, शालनबाई, अंगणात धान्य पाखडत होत्या. डोक्यावर टोपली, टोपलीत देवी, खाली फाटका माणूस. त्यांनी उठून हात जोडले.

"देवी आलीया दारात," त्या मला म्हणाल्या. "सयाजी, मूठभर घाल की तिच्या मानसाला." आणि सूप माझ्या हातात दिलं.

मास्तर माझ्याकडे बघत होते. सामोरा ये, एवढंच त्यांच्या डोळ्यांत होतं. मी सामोरा गेलो, सूप घेऊन. "घे बाबा," मी म्हणालो. ज्यांनी मला अक्षर शिकवलं त्यांना मी 'घे बाबा' म्हणालो. अजून आठवलं की कान गरम होतात.

मास्तरांना कळायला क्षणभर लागलं. मग त्यांनी एका हाताने टोपली सावरली, दुसऱ्या हाताने खांद्यावरच्या उपरण्याची झोळी केली आणि पुढे धरली. मी जोंधळे ओतले. "देवी तुमचं भलं करंल," ते म्हणाले आणि वळले. कोपऱ्यावरच्या मंडळींना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. मला कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

क्लारा त्या दिवशी जेवली नाही. मी जेवलो.

पुढच्या वर्षी मास्तरांनी माझी चिठ्ठी टाकलीच नाही. मी सुटलो म्हणालो. पण ऑक्टोबरात एका संध्याकाळी ते एकटेच आले, टोपली डोक्यावर, झोळी आधीच पसरलेली. शालनबाईंनी मूर्तीला हळदकुंकू लावलं. मास्तर तिथेच उभे राहिले आणि त्यांचे ओठ हलत होते. मला उशिरा उमगलं: ते जपमाळ म्हणत होते. माझ्या घराचा दिवस चुकू नये म्हणून तो माणूस माझ्या दारात भिकारी होऊन आला होता. छप्पन्न साली आले, सत्तावन्न साली आले. क्लारा मुलीला कडेवर घेऊन दारामागे उभी राहून त्यांच्याबरोबर पुटपुटायची. मी धान्य घालायचो.

अठ्ठावन्न साली ते आले ते धापा टाकत. घणाने छाती खाल्ली होती. टोपली उतरवून ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "पानी मिळंल का, माय?"

शालनबाईंनी मला तांब्या आणायला सांगितलं. मी आणला आणि मास्तरांच्या हातात द्यायला वाकलो.

"हातात नगं दिऊ," शालनबाई म्हणाल्या. "कोन कुठला, ठावं हाय का? वरनं वत."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. त्यांनी ओंजळ केली, ती तोंडाला लावली आणि मान खाली घातली.

मी वरून पाणी ओतलं.