चिंचेवर दोर टाकताना

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. माझ्या नानांचे. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून आई आणि मी नानांच्याच घरात राहिलो. आमचं गाव अमळनेर-धुळे रस्त्यापासून थोडं आत आहे. नाना चौथी शिकलेले. मी अमळनेरला कॉलेजात होतो, त्या तीनही वर्षांत ते रोज सकाळी फाट्यावर जाऊन माझा डबा एसटीत कंडक्टरच्या हाती देत. पाऊस असो की कापसाची वेचणी, डबा चुकला नाही. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. त्या पदवीवर नाव माझं असलं तरी ती मी एकट्याने मिळवलेली नाही, एवढं मला कळतं.

नानांची शेती होतीच, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख वेगळी होती. माघात चिंचा पिकल्या की लोक त्यांना बोलवायला येत. अनवाणी पायांनी, कमरेला नुसता पंचा बांधून ते चिंचेवर चढत आणि लांब काठीने फांद्या झोडत. दोर कधी वापरला नाही. मला मात्र त्यांनी एकाही झाडावर चढू दिलं नाही. वर जायचं तर पुस्तकावरून जा, असं म्हणत. मी ऐकलं. आज मी धुळ्यात एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. झाडावर पहिल्यांदा चढलो तेव्हा माझं वय अडतीस होतं.

त्याला कारण मोबाइल. परदेशातली माणसं कमरेला पट्टे बांधून, डोक्यावर हेल्मेट घालून, दोराने उंच झाडांवर जाताना मी त्यात पाहिली. फळ काढायला नाही, लाकूड तोडायला नाही. वर जायचं, फांदीवर बसायचं, खाली यायचं. मला ते इतकं आवडलं की दोन महिने विचार करून मी हार्नेस, हेल्मेट, आपोआप बंद होणारे लोखंडी हूक आणि दीडशे फूट दोर मागवला. बायकोने खोकं उघडताना पाहिलं आणि म्हणाली, "लोक या वयात घरावर मजला चढवतात, तुम्ही झाडावर चढा."

या सगळ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची असते. दोर आधी फांदीवरून जावा लागतो. त्यासाठी मुठीएवढ्या पिशवीत शिशाचे छर्रे भरतात, तिला बारीक दोरी बांधतात आणि ती पिशवी हव्या त्या फांदीवरून पलीकडे टाकतात. मग त्या बारीक दोरीला जाड दोर बांधून ओढून घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. आमच्या क्वार्टरमागच्या कडुनिंबावर मी पहिल्या रविवारी पिशवी साठ वेळा तरी हाताने फेकली असेल. एकदा ती माझ्याच मागे पडली. शेजारच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं की मांजर अडकलंय का.

मग मी बाभळीची बेचकी शोधली, तिला सायकलची ट्यूब लावली आणि हातभर लांबीच्या पाइपावर बसवून मोठी गलोल केली. ती जोरात जायची, पण कुठे जाईल ते तिलाही माहीत नसायचं. पुढचा प्रयोग जळगावला झाला. तिथे माझा मेहुणा ठिबक सिंचनाच्या सामानाच्या दुकानात आहे. दोन रविवार खपून आम्ही पाइप, कॉक आणि सायकलचा पंप जोडून हवेची बंदूक बनवली. मी वहीत दाबाचं आणि कोनाचं गणित मांडलं. पहिल्या बारात पिशवी आंब्याच्या कितीतरी वरून पलीकडच्या गोडाऊनच्या पत्र्यावर जाऊन आदळली. दोरी मात्र माझ्या पायाशीच राहिली, कारण ती बांधायचीच आम्ही विसरलो होतो. मेहुणा खाली बसून हसला. पाचव्या बाराला पाइपाला बारीक चीर दिसली तेव्हा मात्र त्याने पंप माझ्या हातातून काढून घेतला. "दाजी, हा पाइप पाण्याचा. पाण्याने फुटला तर आपण भिजू. हवेने फुटला तर आपणच फुटू." बंदूक तिथेच संपली.

तरी मी चढत होतो. गलोलीने कधीतरी दोरी बसायचीच. पहिल्यांदा कडुनिंबाच्या पंधरा-सोळा फुटांवरच्या बेळक्यात, दोन फांद्या फुटतात त्या जागी बसलो, तेव्हा खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर निंबोळ्यांचे घोस हलत होते. मी अर्धा तास काहीही न करता बसलो. नाना जन्मभर हे बघत आले, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

आणि नानांचं चढणं दोन वर्षांपूर्वी थांबलं होतं. उजवा गुडघा गेला होता. सपाट जमिनीवर ते काठी घेऊन चालत, पण एक पाय उचलून खोडाला लावणं होत नव्हतं. त्यांचा मुलगा, माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला मी भाऊ म्हणतो, त्याने स्पष्ट सांगून ठेवलं होतं की आता झाडाचं नाव काढायचं नाही. नाना वाद घालत नसत. पण शेताच्या बांधावरच्या आमच्या चिंचेखाली खाट टाकून तासन्‌तास वर बघत पडत. एकदा मला म्हणाले, एकदा वर जाऊन यायचं होतं. एवढंच. त्यांनी माझ्याकडे आजवर काही मागितलं असेल तर ते हेच.

हार्नेसमध्ये गुडघ्याचं काम नसतं. माणूस पट्ट्यात बसतो, खालचा माणूस दोर ओढतो, आणि वरच्याने फक्त एक गाठ हाताने वर सरकवायची. ही गाठ दोराभोवती गुंडाळलेली असते. सैल असताना ती वर सरकते आणि वजन पडलं की आवळते. सगळा जीव त्या गाठीवर. मी भाऊला हे सगळं समजावलं. त्याने एक अट घातली. आधी त्याच्यासमोर, त्याच झाडावर, तोच दोर लावून मी लटकून दाखवायचं. काही चुकलं तर विषय बंद.

माघातल्या एका शनिवारी मी सगळं घेऊन गावी गेलो. संध्याकाळी शेतावर गलोल लावली. आमची चिंच जुनी, तिचं पहिलं मोठं बेळकं पंचवीस फुटांवर. आठ-दहा नेम चुकले. बघायला गल्लीतले चार-पाच जण जमले होते आणि प्रत्येकाकडे एक सल्ला होता. नाना खाटेवरून उठले, काठी टेकत आले आणि म्हणाले, "तुन्ही गलोल बठ्ठी हवाच खास." म्हणजे माझी गलोल सगळी हवाच खाते. मग शेतातल्या झोपडीत जाऊन आपली गोफण घेऊन आले. ज्वारीवरची पाखरं उडवायची तीच. त्यांनी माझी बारीक दोरी घमेल्यात सैल वेटोळी करून ठेवली, पिशवी गोफणीत बसवली आणि गोफण एकदाच फिरवली. दोनदा फिरवली असती तर दोरी त्यांच्याच गळ्यात पडली असती, हे त्यांना न सांगता कळलं होतं. पिशवी बेळक्यातून पलीकडे गेली आणि अलगद खाली आली. माझी वहीतली गणितं तशीच राहिली. जमलेल्यांपैकी एक म्हातारे म्हणाले, मास्तर, नानाला कॉलेजात घ्या.

नानांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी विसरणार नाही. बारीक दोरी झाडावरच ठेवून आम्ही घरी आलो. जाड दोर मी ओसरीत खुंटीला अडकवला.

रविवारी सकाळी झाडाखाली पाच-सहा माणसं होती. दोर वर ओढताना हाताला जरा मऊ लागला. मला वाटलं, दव असेल. हार्नेस चढवला, गाठ मारली, भाऊने ओढलं आणि मी जमिनीपासून दोन-अडीच फूट वर गेलो. भाऊने हात सोडला. गाठीने धरायला हवं होतं. ती धरलीच नाही. ती सरसर घसरली आणि मी सगळ्यांसमोर बुडावर आपटलो.

लागलं काही नाही. पण हाताला तेलकट वास आला. एरंडीचं तेल. मी नानांकडे पाहिलं आणि मला कळलं. आमच्याकडे बैलांसाठी नवा दोर आणला की तो तेलात भिजवलेल्या फडक्यातून ओढून घेतात. कोरडा दोर हात कापतो, लवकर तुटतो. माझ्या नव्या दोरावर पहाटे मी झोपेत असताना नानांनी तेच केलं होतं. पूर्ण दीडशे फूट, वितीवितीने.

"नवा दोर शे," ते हळूच म्हणाले. "कोरडा कसा ठेवू?"

मी त्यांच्यावर ओरडलो. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला? कळत नाही तर विचारायचं!" आयुष्यात पहिल्यांदा. लोकांसमोर. भाऊ दोर गुंडाळायला लागला. नाना माझ्याकडे बघत नव्हते. ते दोराकडे बघत होते. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे आते," आणि काठी टेकत घराकडे निघाले.

मी धुळ्याला परत आलो. तो दोर दोनदा साबणाने धुतला, सावलीत वाळवला, पण पुन्हा माणसासाठी वापरायचा नाही असं ठरवून टाकलं. दुसरा मागवला. रोज संध्याकाळी गावी फोन लावत होतो. वहिनी सांगायच्या, नाना झोपलेत, नाना शेतात आहेत, नाना म्हणतात नंतर. दहा-बारा दिवस असेच गेले. बायको म्हणाली, फोनवर येत नसतील तर लिहा. नानांना अक्षर लागतं, फक्त मोठं काढावं लागतं. मी पोस्टकार्ड न घेता कागद घेतला आणि लिहिलं.

पुढे नाना चढले, हे आधीच सांगून टाकतो. चिंचेचा हंगाम सरता सरता, भाऊने आधी मला अर्धा तास लटकवून ठेवल्यावर. पांढऱ्या टोपीवर हेल्मेट घालून, पट्ट्यात बसून. दोर मी आणि भाऊने ओढला. गाठ त्यांनी स्वतःच सरकवली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. बेळक्यात पोचल्यावर त्यांनी उरलेल्या चिंचांची एक फांदी काठीने झोडली आणि मग नुसते बसले. मी खालून विचारलं, गुडघा दुखतोय का. "गुडघा खालेच ऱ्हायना रे," ते म्हणाले. तो म्हणे खालीच राहिला. तासभर उतरायचं नाव घेतलं नाही. शेवटी भाऊच म्हणाला, बसू दे त्यांना, आणि स्वतः त्यांच्या खाटेवर आडवा झाला.

पण ते घडलं त्याच्या आधी हे पत्र गेलं होतं. याची नक्कल माझ्या वहीत आहे, ती देतो.

"नाना, पाया पडतो.

तुम्ही फोनवर येत नाही म्हणून लिहितो आहे. अक्षर मोठं काढलं आहे, चष्मा लावून सावकाश वाचा.

मी लोकांसमोर तुमच्यावर ओरडलो. ते मला शोभलं नाही. पडल्याची लाज वाटली आणि ती मी तुमच्यावर काढली. त्या दिवशी जे कोणी तिथे होते त्यांच्यासमोर मी तुमची माफी मागेन.

चूक माझी आहे. दोराबद्दल मी तुम्हाला पन्नास गोष्टी सांगितल्या, पण याला तेल लावायचं नसतं ही एक सांगितली नाही. सांगावं असं मला सुचलंच नाही. नवा दोर आला की आपल्याकडे काय करतात ते मी लहानपणी रोज पाहिलं आहे, तरी विसरलो. बैलाचा दोर मऊ लागतो. या दोराला खरखरीत राहावं लागतं, नाहीतर गाठ धरत नाही. एवढंच आहे ते. तुम्हाला कळत नाही असं मी म्हणालो, ते खोटं होतं.

दुसरा दोर आला आहे. जुना टाकलेला नाही, गोठ्यात कामाला येईल, घेऊन येतो. भाऊला म्हणावं, आधी मी लटकतो, तो म्हणेल तितका वेळ. त्याला पटलं नाही तर मी दोर गुंडाळून परत नेईन आणि मनात काही ठेवणार नाही.

तुम्ही माझ्याकडे आजवर एकच गोष्ट मागितली. ती मला करायची आहे. पण तुमचं मन उडालं असेल तर बळजबरी नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही. फक्त ते वहिनींच्या हाती निरोप देऊन कळवू नका. मी या शनिवारी दुपारच्या गाडीने येतो आहे. माझ्यासमोर बसून सांगा."